मालक कोण? कुत्र्याला घर मिळण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास



लढाया, किल्ले आणि तह यांच्यावर आपण बरंच बोललो. आजचा विषय वेगळा आहे. रस्त्यावरचं जखमी कुत्रं कोणीतरी उचलतं, औषधपाणी करतं, ते बरंही होतं. मग प्रश्न येतो, आता याला ठेवायचं कुठे? घरोघर फोन होतात, फोटो पाठवले जातात, आणि 'छान आहे हो, पण आमच्याकडे जमणार नाही' हे उत्तर ऐकून माणूस थकतो. हा प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या सगळ्या इतिहासात सरकारने एकच सवाल पुन्हा पुन्हा विचारला: या कुत्र्याचा मालक कोण?

सुरुवात मुंबईपासून करू. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ सालीच केला होता. १८३२च्या उन्हाळ्यात ही मोहीम जोरात सुरू झाली. मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आठ आण्यांसाठी लोक पाळलेली कुत्रीही घराच्या आवारातून ओढून नेऊ लागले, अशा तक्रारी झाल्या. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. अंत्यविधीतल्या 'सगदीद'मध्ये मृताजवळ कुत्रा आणतात. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशीच, कुत्री पकडणारे आले आणि जमावाने त्यांना चोपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात सामील झाले.

फौजी माणसाच्या नजरेला यातली एक गोष्ट लगेच दिसते. या बंदमुळे कुलाब्याच्या पलटणीचा शिधा अडला. गोऱ्या सैनिकाच्या ताटातला पाव थांबला, तेव्हा सरकारला विषयाचं गांभीर्य कळलं. सैन्य बोलावलं गेलं, धरपकड झाली, खटले चालले. जमशेटजी जीजीभाई यांनी मध्यस्थी करून शिक्षा झालेल्यांची बाजू मांडली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १८३४ साली त्यांनी मोतीचंद अमीचंद यांच्यासह मुंबईत पांजरापोळ उभी केली. भुलेश्वरजवळचा तो भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. म्हणजे 'मालक कोण?' या सवालाला समाजाने दिलेलं पहिलं मोठं उत्तर होतं: कोणी नसेल तर आम्ही सगळे मिळून.

आता जबलपूरकडे येऊ. १८१७ साली हे शहर नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेलं आणि इथे छावणी वसली. छावण्यांचा कारभार पुढे ज्या १९२४च्या कायद्याने चालला, त्यात कुत्र्यांसाठी स्वतंत्र कलम होतं. कुत्र्याची नोंदणी करा, गळ्यात बिल्ला घाला. बिल्ला नसलेलं कुत्रं सार्वजनिक जागी सापडलं, तर ते पकडून ठेवता येई. आठवड्याभरात मालक येऊन फी भरून घेऊन गेला तर ठीक, नाहीतर त्याला मारण्याची किंवा दुसरी काही वासलात लावण्याची मुभा होती. सात दिवस! मालक आहे की नाही, यावर जीव ठरायचा.

हे निव्वळ क्रौर्य होतं असं म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी होती. १८३२ साली त्या रोगावर काहीच इलाज नव्हता. पाश्चरने लस वापरली १८८५ साली. हिंदुस्थानात कसौलीची पाश्चर संस्था १९०० साली सुरू झाली आणि चावलेली माणसं रेल्वेने लांबलांबून तिथे जात. लस आल्यावर अनोळखी कुत्रं घरात घेण्याची वाट मोकळी झाली. म्हणून आजही घर शोधण्याआधी लस टोचावी लागते.

त्याच काळात लंडनमध्ये वेगळा प्रयोग झाला. मेरी टीलबी नावाच्या बाईंनी १८६० साली हरवलेल्या आणि भुकेल्या कुत्र्यांसाठी निवारा काढला. १८७१ साली तो बॅटरसी भागात गेला आणि आजही चालू आहे. पांजरापोळीत जनावर मरेपर्यंत राहायचं, तर इथला मुक्काम तात्पुरता होता. जुना मालक शोधायचा किंवा नवा मिळवायचा. एका निवाऱ्याची जागा भरली की संपते, पण घरं शोधत राहिलं तर जागा रिकामी होत राहते.

आता आमच्या फौजेचं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे चार हजार कुत्री वापरली आणि परत येताना बहुतेक तिथेच सोडली किंवा मारली. ती 'सामग्री' होती, आणि सामग्री मोडीत काढतात. हे बदलायला २००० साल उजाडलं. रॉबी नावाच्या एका फौजी कुत्र्याला त्याचा जुना हॅण्डलर घरी नेऊ मागत होता. त्याच्या नावाने कायदा झाला, निवृत्त कुत्री दत्तक देण्याची सोय झाली. रॉबीला स्वतःला मात्र ते घर मिळालं नाही.

आपल्याकडे रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचं मेरठ केंद्र १९६० पासून कुत्री तयार करतं. सुरुंग हुंगणारी, माग काढणारी ही कुत्री. २०१५ साली काश्मीरच्या तंगधार भागात मानसी ही लॅब्रडॉर तिच्या हॅण्डलरसह शहीद झाली. तिचा उल्लेख पुढे लष्करी खलित्यात झाला. त्याच वर्षी माहिती अधिकारातून समोर आलं, की कामाला अयोग्य ठरलेल्या कुत्र्यांना आपल्याकडेही मरण दिलं जातं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, सरकारने धोरण आखायचं कबूल केलं आणि निवृत्त कुत्री नागरिकांना दत्तक मिळू लागली. घेणारा अखेरपर्यंत सांभाळण्याचं लिहून देतो. हे लिहून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा कायदाही बदलला. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. २००१च्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं मूळ जागी सोडायला सांगितलं. २०२३च्या नियमांनी त्याला 'सामुदायिक प्राणी' म्हटलं, म्हणजे मालक कोण, तर वस्ती. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडं ठेवलं. प्राणिप्रेमींनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घ्यावं, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची.

या सगळ्यातून धडा काय? दया एका दिवसाची असते, कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. म्हणून घर देताना घाई करू नका. आधी पशुवैद्याकडून तपासणी, लस आणि नसबंदी करून घ्या. जबलपूरकरांकडे त्यासाठी १९४८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आज ज्या विद्यापीठात आहे, त्याला नाव आहे नानाजी देशमुखांचं, हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीच्या सुपुत्राचं. मग घेणाऱ्याला चार प्रश्न विचारा. घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी? बदली झाली, गावाला गेलात, तर कुत्रं कुठे राहील? आजारपणाचा खर्च कोण करणार? उत्तरं डळमळीत असतील तर नम्रपणे नाही म्हणा. होकार आला तर आधी आठ-पंधरा दिवस राहू द्या, मग कागदावर सही घ्या आणि महिन्याभराने स्वतः जाऊन बघा. जमलं नाही, तर कुत्रं तुमच्याकडेच परत येईल, हेही त्या कागदात असू द्या.

छावणीच्या जुन्या कायद्याने मालकाला सात दिवस दिले होते. तुम्ही महिना घ्या, दोन महिने घ्या, पण 'मालक कोण?' या सवालाचं उत्तर पक्कं मिळाल्याशिवाय पट्टा कोणाच्या हाती देऊ नका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.