नासासंधान व मध्यपडद्याची दुरुस्ती

नाकाचा बाह्य आकार शस्त्रक्रियेने घडविणे किंवा पूर्ववत करणे यास नासासंधान (ऱ्हायनोप्लास्टी) म्हणतात. दोन्ही नाकपुड्यांमधील वाकडा मध्यपडदा त्याच वेळी सरळ केल्यास त्या संयुक्त शस्त्रक्रियेला सेप्टोऱ्हायनोप्लास्टी असे नाव आहे. चेहऱ्याची ठेवण सुधारणे आणि श्वासमार्ग मोकळा करणे असा तिचा दुहेरी हेतू असतो. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ आढळतो.

प्राचीन पद्धत

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कापलेल्या नाकाच्या संधानाचा विधी दिला आहे. झाडाच्या पानाने नाकाचे माप घ्यावे, तेवढी त्वचा गालावरून एका बाजूस जोडलेलीच ठेवून सोडवावी व नाकावर बसवावी, असा तो विधी आहे. श्वासासाठी नाकात दोन नळ्या ठेवण्याची सूचनाही त्यात आहे; आकाराबरोबर श्वासाचा विचार तेव्हाही झालेला होता. नाक कापणे ही शिक्षा प्रचलित असल्याने अशा उपचाराची गरज वारंवार पडत असे. ‘नाक कापले जाणे’ हा मराठीतील वाक्प्रचार ती मानहानी आजही सांगतो.

कावसजी प्रकरण

कावसजी हा शेतकरी कुळातील मराठा. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) तो इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपू सुलतानाच्या कैदेत त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर नाकावाचून काढल्यानंतर पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील, बहुधा कुंभार असलेल्या, एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन वैद्यकांनी ही पद्धत प्रत्यक्ष पाहिली होती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये तिचे वर्णन ‘बी. एल.’ या आद्याक्षरांनी प्रसिद्ध झाले.

त्या वर्णनानुसार प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटावर बसवून नाकाचा घाट साधत. मग तो सपाट करून कपाळावर ठेवत व त्याच्या कडेने रेघ ओढत. रेघेच्या आतील त्वचा सोडविताना दोन्ही डोळ्यांमध्ये एक अरुंद पट्टी मात्र अखंड राखत, कारण नवी जोडणी पक्की होईपर्यंत त्वचेला रक्त तिच्यातूनच मिळे. थोटाच्या जुन्या व्रणाचा पृष्ठभाग खरवडून तेथे छेद घेत, आणि कपाळाची त्वचा अर्धी पिळून खाली आणून तिची कड त्या छेदात बसवत. टाके घालत नसत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली कापडे लावत. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या गुंडाळ्या घालत. मधली पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापत.

जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले व त्यावरून केलेले कोरीव चित्र १७९५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. रुग्ण, साक्षीदार, चित्रकार यांची नावे अशा रीतीने इतिहासात राहिली. ज्याच्या हातचे हे कौशल्य, त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. मराठा शेतकऱ्याचे ‘कावसजी’ हे पारशी वळणाचे नावही जसेच्या तसे खरे मानणे कठीण आहे.

लंडनचे शल्यविशारद जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू यांनी २३ ऑक्टोबर १८१४ रोजी याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. कपाळाच्या त्वचेची ही ‘भारतीय पद्धत’ कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागलेल्या रुग्णांसाठी आजही वापरली जाते.

मध्यपडदा व आधुनिक शस्त्रक्रिया

मध्यपडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा व मागचा हाडांचा असतो. तो वाकला की एक नाकपुडी सतत चोंदल्यासारखी वाटते. बोलभाषेत याला ‘नाकाचे हाड वाढले’ म्हणतात. तथापि बहुतेक वेळा काही वाढलेले नसते, पडदा एका बाजूस कललेला असतो. थोडाफार कल पुष्कळांना असतो व त्रास नसेल तर उपचाराची गरज नसते.

पडदा हाच नाकाचा आधारस्तंभ असल्याने तो वाकडा ठेवून वरचे नाक सरळ होत नाही, म्हणून दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र करतात. पडद्यातून काढलेली कूर्चा नाकाच्या शेंड्याला वा कण्याला आधार म्हणून वापरता येते, हा आणखी एक लाभ. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीअर व किलियन यांनी श्लेष्मल आवरण राखून आतील वाकडा भाग काढण्याची रीत रूढ केली. मात्र कूर्चा प्रमाणाबाहेर काढली गेली तर नाकाचा मधला भाग खोगिरासारखा खचतो, त्यामुळे आता वरची व पुढची सुमारे एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी काटकोनात राखून ठेवतात.

शस्त्रक्रिया सामान्यतः पूर्ण भूल देऊन व चेहऱ्याची वाढ संपल्यावर करतात. रक्तस्राव, पडद्यात रक्त साचणे, पडद्याला छिद्र पडणे व आकार मनासारखा न येणे हे तिचे संभाव्य धोके आहेत. बाहेरचा आधारपट्टा साधारण आठवडाभर ठेवावा लागतो. सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसण्यास एक वर्षही लागू शकते.