खपली गहूं आणि तांबेरा



अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली येथील दुकानांतून हल्लीं खपली गव्हाचें पीठ मिळूं लागलें आहे. घरांतील वडील मंडळींना खपलीची खीर परिचयाची असते. धाकट्यांनीं निदान तिचें नांव ऐकलेलें असतें. परंतु या गव्हाचा एक मोठा लौकिक स्वयंपाकघराच्या बाहेरचा आहे. रोगाला दाद न देण्याचा गुण एका पिढींतून दुसरींत कसा उतरतो, या शास्त्राच्या इतिहासांत सांगली, सातारा, बेळगांव या बाजूच्या धान्याचें नांव कायमचें नोंदलें गेलें आहे. तो इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

गव्हाचा जुना वैरी म्हणजे तांबेरा. ही एक बुरशी होय. तिचे तांबूस कण वाऱ्याबरोबर शेंकडों मैल जातात आणि हिरव्या ताटावर रुजून दाण्याच्या तोंडचा घास काढून घेतात. आग्र्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनीं दाखवून दिलें कीं, मैदानांतील उन्हाळा या बुरशीला सोसत नाहीं. ती थंड डोंगरांवर तग धरते व पुढील हंगामांत तेथून खालीं पसरते. १९४६-४७ च्या हंगामांत मध्य हिंदुस्थानांतील गव्हावर या रोगाची मोठी सांथ आली होती.

मग कांहीं गहूं या रोगांतून वांचतात, तें कशामुळें? मेंडेलचे आनुवंशाचे नियम १९०० सालीं पुन्हा उजेडांत आले. त्यानंतर पांचच वर्षांनीं केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनीं पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हाचा रोगास बळी पडणाऱ्या गव्हाशीं संकर केल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पहिल्या पिढींतील रोपें रोगट निघालीं. दुसरींत मात्र तीन रोगट तर एक निरोगी, असें प्रमाण पडलें. याचा अर्थ, निरोगीपण हा जमिनीचा वा नशिबाचा प्रसाद नसून बीजांतून येणारा वारसा होता.

पण बुरशीलाही वंश असतात. मिनेसोटा येथील स्टॅकमन व लेव्हिन यांनीं खोडावरील तांबेऱ्याचे हे वंश ओळखण्यासाठीं १९२२ सालीं बारा गव्हांची कसोटी ठरविली. त्या बारांत एक आपली खपली होती, आणि तीही याच नांवानें! त्या वेळीं माहीत असलेल्या बहुतेक वंशांपुढें ती टिकून राहिली.

हा गुण रोजच्या पोळीच्या गव्हांत आणणें सोपें नव्हतें. खपलीच्या पेशींत २८ गुणसूत्रें, तर पोळीच्या गव्हांत ४२. त्यामुळें संकराचीं रोपें बहुधा वांझ निघतात. तरीही सिडनीच्या वॉटरहाउस यांनीं स्टाइनवेडेल नांवाच्या गव्हाशीं तिचा संकर साधला व त्या वाणास 'खपस्टाइन' हें नांव मिळालें. खपलींतील दोन जनुकांना पुढें एसआर १३ व एसआर १४ असे क्रमांक मिळाले.

१९९८ सालीं युगांडांत तांबेऱ्याचा एक नवा वंश आढळला. अनेक देशांतील गहूं ज्या एका जनुकाच्या भरंवशावर उभा होता, तो भरंवसा या वंशानें फोल ठरविला. एसआर १३ मात्र त्यापुढें उपयोगी पडला, आणि २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याची नेमकी घडण वाचली. अर्थात् हीही विजयाची अखेर नव्हे. त्यालाही न जुमानणारे वंश इथिओपियांत सांपडले आहेत. कुलूप कितीही मजबूत असलें तरी चोर कधींतरी त्याची किल्ली घडवितो. म्हणून एका कुलपावर न विसंबतां अनेक कुलपें लावणें, म्हणजेच अनेक जुन्या वाणांचें बियाणें जतन करणें, हाच शहाणपणा होय.

हें जतन प्रथम कोणी केलें? ज्यांनीं केलें, त्यांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत नाहींत. खपलीचें टरफल दाण्याला घट्ट चिकटून असतें. तें कांडून काढण्याचे कष्ट घरच्या बायकांनीं पिढ्यान् पिढ्या सोसले, आणि शेतकऱ्यानें तिच्यासाठीं वावराचा एक तुकडा राखला. बियाणें प्रयोगशाळेच्या शीतकोठारांत सुरक्षित राहतें खरें; पण शेतांत तें तोंवरच टिकतें, जोंवर कोणाच्या तरी ताटांत त्याला जागा असते. ती जागा देणें आपणां शहरवासीयांच्याही हातीं आहे.