व्यसनमुक्ती व नैराश्यातील योगोपचार

व्यसनमुक्ती व नैराश्यातील योगोपचार म्हणजे दारू, गर्द, तंबाखू इत्यादींच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्या आणि त्याच वेळी नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीसाठी आसने, प्राणायाम, शिथिलीकरण व ध्यान यांचा वैद्यकीय उपचारांच्या जोडीने केलेला नियोजित वापर होय. ही पूरक पद्धत आहे. ती औषधे व समुपदेशन यांची जागा घेत नाही. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत, रुग्ण उपचार घेऊन गावी परतल्यानंतर घरच्या घरी व विनाखर्च पाळता येणारा दिनक्रम म्हणून तिला विशेष महत्त्व आहे.

व्यसन व नैराश्य यांचा संबंध

व्यसन आणि नैराश्य एकमेकांना बळ देतात. उदास मनःस्थितीत काही जण दारूचा आधार घेतात. दुसरीकडे, मद्याच्या दीर्घ सेवनाने झोप, भूक व उत्साह खालावून नैराश्य निर्माण होते किंवा वाढते. दारू पूर्ण बंद झाल्यावर काही आठवड्यांत अनेकांची उदासी आपोआप ओसरते. ती टिकून राहिल्यास मानसोपचारतज्ज्ञ नैराश्यावर स्वतंत्र उपचार सुरू करतात. दोन्ही विकार एकत्र असताना आत्महत्येचा धोका वाढतो. त्यामुळे ‘आधी दारू सुटू द्या, मग मनाचे पाहू’ हा घराघरांतील समज घातक ठरतो.

परंपरा व इतिहास

पातंजल योगसूत्रांत चित्ताच्या विक्षेपांबरोबर येणाऱ्या लक्षणांमध्ये मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची अनियमितता यांचा उल्लेख आहे. मनाच्या स्थैर्यासाठी अभ्यास व वैराग्य ही दोन साधने तेथे सांगितली आहेत. योगाचा आधुनिक शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करण्याचा आरंभीचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, लोड यांच्या आधाराने आसने करण्याची पद्धत विकसित केली. अशक्त रुग्णांना ती विशेष सोयीची पडते.

डॉ. अनिल अवचट आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दच्या व्यसनाविषयीच्या अनिल अवचट यांच्या लेखनातून या कार्याला चालना मिळाली आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी त्यास साहाय्य केले. केंद्राच्या दिनक्रमात वैद्यकीय उपचार, समूहचर्चा व समुपदेशन यांच्याबरोबर योगासने व ध्यान यांचाही समावेश आहे.

उपचारांतील स्थान

पहिला टप्पा पूर्णपणे वैद्यकीय असतो. रोज मोठ्या प्रमाणात दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबवल्यास हातांना कंप, घाम व निद्रानाश उद्भवतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तर साधारण दोन ते चार दिवसांनी भ्रम, भास व तीव्र अस्वस्थता असणारी जीवघेणी अवस्था निर्माण होऊ शकते. या काळात डॉक्टरांची देखरेख, शामक औषधे व ‘ब१’ जीवनसत्त्व आवश्यक असते. प्राणायामाने ही अवस्था टळत नाही.

शरीर स्थिरावल्यावर दुसऱ्या टप्प्यात सौम्य योगाभ्यास सुरू होतो. तिसरा टप्पा घरी परतल्यानंतरचा. जुने मित्र, ओळखीचे गुत्ते, थकलेले कर्ज आणि घरातील अविश्वास यांना तोंड देत व्यसनापासून दूर राहण्याचा हा काळ असतो. योगाभ्यासाचा खरा उपयोग याच टप्प्यात होतो.

अभ्यासाचे स्वरूप

प्रारंभी वीस ते तीस मिनिटांचा, रोज ठरावीक वेळी केलेला अभ्यास पुरेसा असतो. त्यात सांध्यांच्या हालचाली, ताडासन, वज्रासन, भुजंगासन, मकरासन, संथ दीर्घश्वसन, श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम आणि भ्रामरी यांचा समावेश करता येतो. नैराश्यात हालचाल मंदावलेली असते. म्हणून आरंभ उभ्याच्या व हालचालींच्या प्रकारांनी केला जातो. शवासनात पडून राहिल्यावर तेच ते निराशेचे विचार घोळू लागल्यास ते आटोपशीर ठेवून डोळे उघडे ठेवण्यास सांगितले जाते.

दारूची तलफ लाटेसारखी येते व बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. दिवेलागणीची वेळ अनेकांना सर्वांत कठीण जाते. त्या वेळी लांब उच्छ्वासाचा सराव किंवा घरातील माणसासोबत केलेली आसने यांनी हा अवधी निभावण्यास मदत होते. अभ्यास एखादा दिवस चुकला किंवा पुन्हा दारू घेतली गेली, तरी सारे संपले असे न मानता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करणे व उपचारकाला त्याची कल्पना देणे अपेक्षित असते.

संशोधन

बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेतील (निम्हान्स) अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मद्यपाश असलेल्या ६० रुग्णांना विषमुक्तीच्या आठवड्यानंतर दोन गटांत विभागण्यात आले. दोन आठवड्यांनी दोन्ही गटांतील नैराश्य घटलेले आढळले. मात्र सुदर्शन क्रिया करणाऱ्या गटात ही घट अधिक होती व ताणाशी निगडित कॉर्टिसॉल संप्रेरकाचे प्रमाणही कमी झाले. दुसरीकडे, अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन घेणाऱ्या रुग्णांच्या १९९७ मधील अमेरिकी अभ्यासात हठयोग हा समूह-मानसोपचारापेक्षा अधिक परिणामकारक ठरला नाही. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच होती. कॅनडातील तज्ज्ञगटाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी योगाची शिफारस पूरक उपचार म्हणून केली आहे. यांपैकी प्रत्यक्ष प्रयोगांतील गट लहान व कालावधी थोडा असल्याने दीर्घकालीन व्यसनमुक्तीविषयी ठाम निष्कर्ष काढता येत नाही.

मर्यादा व दक्षता

- बरे वाटू लागताच नैराश्यावरील किंवा व्यसनावरील औषधे स्वतःहून बंद करू नयेत.
- यकृत जर्जर झालेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असू शकतात. अशा रुग्णाने वमन, कुंजल, कपालभाती व पोटावर ताण देणाऱ्या क्रिया टाळाव्यात.
- मद्यामुळे पायांतील नसा दुबळ्या झाल्यास तोल सांभाळावा लागणारी आसने भिंतीच्या वा खुर्चीच्या आधाराने करावीत.
- उच्च रक्तदाब, अपस्मार, उन्माद किंवा भास यांचा पूर्वेतिहास असल्यास जलद श्वसनाचे प्रकार व दीर्घ ध्यान वैद्यकीय सल्ल्याविना करू नये.
- मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या व्यक्तीला एकटे न सोडता तातडीने वैद्यकीय मदत मिळवून द्यावी.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील संदर्भ

कोरडवाहू शेती, वारंवार पडणारा दुष्काळ व कर्जबाजारीपणा यांचा ताण या भागातील कुटुंबांवर आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतर मानसिक आघाताचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. भूकंपग्रस्तांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान पाहणीत निम्म्याहून अधिक व्यक्तींमध्ये मानसिक विकार, प्रामुख्याने आघातोत्तर ताणविकार व नैराश्य, आढळले.

नांदेड जिल्ह्याला तेलंगणाची सीमा लागून आहे. तेलंगणात २०१५ मध्ये भेसळयुक्त शिंदीवर कारवाई झाल्यानंतर, ती अचानक बंद झाल्यामुळे अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शिंदीत मिसळलेल्या शामक द्रव्यांची शरीराला सवय झालेली होती. पहिला टप्पा वैद्यकीयच का असावा, याचे हे जवळचे उदाहरण होय.

आत्महत्याप्रवण १४ जिल्ह्यांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाने सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात नांदेड व लातूर यांचा समावेश होता. त्यात आशा कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यग्रस्त व्यक्ती शोधून त्यांना समुपदेशन व उपचारांशी जोडण्याची योजना होती. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. २१ जून २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय योग दिनाचा राज्यस्तरीय कार्यक्रम नांदेड येथे झाला. मात्र सामूहिक योगवर्ग आणि रुग्णाची प्रकृती पाहून आखलेला योगोपचार या भिन्न गोष्टी आहेत.

वारकरी परंपरेत गळ्यात तुळशीची माळ घेताना दारू सोडण्याचा नियम घेतला जातो. नित्यनेम, भजनाची संगत आणि गावासमोर घेतलेला शब्द यांचा आधार अनेकांना मिळतो. योगोपचारातील नियमितता या मुळातल्याच संस्काराशी जुळणारी आहे. तथापि माळ घेतलेल्या व्यक्तीचा नियम मोडल्यास अपराधभाव तीव्र होऊ शकतो. अशा वेळी कुटुंबाने निर्भर्त्सना टाळून उपचारांकडे वळणे हितकारक असते.

कायदा व मदत

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात. मानसिक रुग्णांवर उपचार करणाऱ्या योग व आयुर्वेद संस्थांनाही नोंदणीचा नियम लागू आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने मनाई आहे. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्यवाणीचा १४४४६ हा क्रमांक निःशुल्क आहे.

हेही पहा

- मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र
- कैवल्यधाम
- नैराश्य
- किल्लारी भूकंप