दारू, गोळी आणि हवा: ठासणीच्या बंदुकीचं टेस्टिंग

आजचा विषय ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने ठासायची, तीच ही.

अमेरिकेत अनेक राज्यांत या बंदुकीने हरणाच्या शिकारीचा आजही वेगळा हंगाम असतो. पेनसिल्व्हेनियात तो 1974 मध्ये सुरू झाला. (आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे, हे लक्षात असू द्या.) दारू किती आणि गोळी कोणती, हे तिथे शिकारीच ठरवतो. बार एकच. अंदाज चुकला, तर हरीण जखमी होऊन रानात तडफडत मरतं. म्हणून हंगामाआधी टेस्टिंग करावंच लागतं.

पूर्वी दारूची परीक्षा कशी व्हायची? छोट्या उखळी तोफेतून गोळा उडवायचा आणि तो किती लांब पडला ते मोजायचं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यातली गोची लगेच दिसते. गोळा जवळ पडला, तर दोष दारूचा, गोळ्याचा की हवेचा? एकाच टेस्टमध्ये तीन गोष्टी!

ही गुंतागुंत सोडवली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचं ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे पुस्तक 1742 चं. त्याने जड लोखंडी लंबक टांगला, त्याला जाड लाकूड जोडलं आणि त्यात गोळी झाडली. लंबक झुलताना एक फीत ओढली जायची. फितीच्या लांबीवरून झोका कळला आणि झोक्यावरून गोळीचा वेग. आपण शाळेत शिकलेला संवेग अक्षय्यतेचा नियम, बस्स!

मग त्याने लंबक लांब-लांब सरकवला. पाऊण इंची गोळीचा वेग 25 फुटांवर सेकंदाला 1670 फूट, 75 वर 1550 आणि 125 वर 1425 भरला. दारू तीच, गोळी तीच, मधे फक्त हवा. हवेचा विरोध निघाला गोळीच्या वजनाच्या सुमारे 120 पट! तोफखान्याचं तेव्हाचं गणित हवेला जवळपास मोजतच नव्हतं.

शिकाऱ्यासाठी याचा अर्थ काय? दारू दुप्पट केली म्हणून वेग दुप्पट होत नाही. गोळीला दुप्पट ऊर्जा मिळाली असं धरलं, तरी वेग 1.4 पटच वाढतो. शिवाय वेग वाढला की हवाही जास्त अडवते. साधी गोल गोळी 100 यार्डांपर्यंत निम्म्याहून जास्त ऊर्जा गमावून बसते. त्यामुळे लांबच्या हरणासाठी दारू वाढवत नेणं हा उपाय नव्हे. बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत थोडी-थोडी दारू बदलून वेग मोजायचा, नेम कुठे बसतो ते बघायचं, आणि किती अंतरापलीकडे चाप ओढायचा नाही हे आधीच ठरवायचं.

रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले मजबूत करायला भारतात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. आज लंबकाची जागा क्रोनोग्राफने घेतलीय. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही पद्धत अजून तीच आहे.