दार उघडले, पण पंक्तीचे काय?

बाहेरून येणाऱ्यास आपल्यात घ्यावयाचे ते कोणत्या अटीवर, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मसमाजाइतकाच जुना आहे. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. पुढे यहुदीतर लोक येऊ लागले, तेव्हा त्यांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळलेच पाहिजे, असा काहींनी आग्रह धरला. इ. स. ५० च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषितांची व वडीलजनांची सभा भरली आणि मोजकी पथ्ये सांगून बाकीचा भार नवागतांवर लादू नये, असे ठरले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या १५ व्या अध्यायात ही हकीकत आली आहे.

हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात निराळ्या रूपाने पुढे आला. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत व १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) सुरू झाले. बाप्तिस्मा घेणारा मनुष्य घरास व जातीस पारखा होई. १८५० च्या २१ व्या कायद्याने त्याचा वारसाहक्क राखला; परंतु पंक्तीतले पान काही कायद्याने मिळत नसते! बरे, ज्या नव्या घरात तो येई, तेथील उपासनेची रीत व गाण्यांच्या चाली बव्हंशी परदेशी. दार उघडे होते खरे, पण आत गेल्यावर परकेपण संपत नव्हते.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ही अडचण स्वतः अनुभवली. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर, आगगाडीच्या डब्यात, एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचा काव्यशास्त्रविनोद झाला. त्या गृहस्थाने निरोप घेताना त्यांना ‘नवा करार’ दिला. त्याचे नाव टिळकांना पुढेही कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांच्या आधाराने दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. ते तत्काळ टाकण्याची सक्ती त्यांच्यावर झाली नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास हे सांगावयास नको. धीर धरणे हाही स्वागताचाच एक प्रकार होय, हे त्यावरून ध्यानी येते.

टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. मराठी माणसाला देवापुढे आपल्याच वाणीने उभे राहता आले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि हा प्रयोग फार काळ टिकला नाही. बाप्तिस्म्याचे महत्त्व मानणाऱ्यांस सीमारेषा पुसट होण्याची भीती वाटली असेल, तर ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही; कारण ज्यास मर्यादाच नाहीत असा समाज फार दिवस समाज म्हणून राहत नाही. तथापि मर्यादा म्हणजे भिंत नव्हे, ही टिळकांची शिकवण त्यांच्या भजनांच्या रूपाने मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही नांदत आहे.

आमच्या मते या इतिहासाचे सार इतकेच, की पाहुण्याने बदलावे अशी अपेक्षा धरणाऱ्या यजमानाने स्वतःही थोडे बदलावे लागते. यरुशलेमेच्या सभेने ते केले. अभंगास मंदिरात जागा देणाऱ्यांनीही केले. परप्रांतात पन्नास वर्षे नांदलेल्या आपल्या मंडळास हा विषय परका वाटू नये. येथे आपण सारेच एके काळी बाहेरचे होतो आणि या नगरीने आपणांस जागा दिली. आता मराठी घरात आलेली परभाषी सून, आपली भाषा अडखळत बोलणारी नातवंडे, केवळ नाटकाच्या ओढीने येणारा शेजारी, हे सर्व आपल्या दाराशी उभे आहेत. त्यांना सभासदत्वाचा अर्ज देणे सोपे आहे. पंक्तीत पान मांडणे, हे पुढील पन्नास वर्षांचे काम आहे.