‘माफीचा साक्षीदार’ : पुण्याचे हत्याकांड आणि रुपेरी पडदा 🧵

१/ शहरातील खऱ्या खुनांवरून थरारपट काढण्याची प्रथा जुनी आहे. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या ‘जॅक द रिपर’च्या हत्यांची छाया हिचकॉकच्या ‘द लॉजर’वर (१९२७) आहे. मराठीतील असे ठळक उदाहरण म्हणजे राजदत्त दिग्दर्शित ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६).

२/ काळ आणीबाणीचा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत पुण्यात दहा खून झाले. पहिला बळी मारेकऱ्यांचाच सहाध्यायी होता. ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबातील तिघे, तर १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या बंगल्यात घरकामाच्या बाईंसह पाच जण मारले गेले. शस्त्र सुरा नव्हते. नायलॉनची दोरी होती. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडू लागले.

३/ मार्च १९७७ मध्ये नदीत दहावा मृतदेह सापडला आणि तपासाला दिशा मिळाली. आरोपी निघाले कला महाविद्यालयाचे विद्यार्थी! सराईत दरोडेखोराची कल्पना करणाऱ्या शहराला हा दुसरा धक्का होता.

४/ खटल्यात त्यांचाच एक सोबती माफीचा साक्षीदार झाला. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (१९७३) कलम ३०६ नुसार संपूर्ण व खरी हकीकत सांगण्याच्या अटीवर अशी माफी मिळत असे. मात्र अशा साक्षीला स्वतंत्र पुराव्याची जोड असावी, असा न्यायालयांचा दंडक आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये चौघांना फाशीची शिक्षा झाली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली.

५/ त्यानंतर तीन वर्षांच्या आतच चित्रपट आला. म्होरक्या जक्कलवर बेतलेली भूमिका नाना पाटेकरांनी केली. पुढे अनुराग कश्यप यांचा ‘पाँच’ याच प्रकरणातून सुचला. सेन्सॉरच्या वादात अडकून तो चित्रपटगृहांपर्यंत पोहोचलाच नाही.

६/ पडद्याला खलनायक हवा असतो, म्हणून मारेकऱ्यांचीच नावे लोकांच्या तोंडी राहिली. त्या रात्री मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे व्याकरणाचे थोर पंडित होते. त्यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश (१९६१) अभ्यासक आजही उघडतात. जक्कलचे नाव ठाऊक असलेल्या किती जणांना हा कोश ठाऊक आहे? इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही उलटी नोंद सुलटी केली पाहिजे.

(समाप्त)