पैशाला पडलेले भोक

श्रोतेहो, घरातल्या जुन्या पेटीत एखादा भोकाचा पैसा पडला असेल, तर तो काढून पाहा. त्यावर १९४३ ते १९४७ मधले एखादे साल दिसेल. पैशाला हे भोक कशाला, असे मुलांनी विचारले तर काय सांगाल? करगोट्यात ओवायला, असे कोणी गमतीने म्हणेल. खरे कारण आहे दुसरे महायुद्ध. काडतुसाचे टरफल पितळेचे, आणि पितळ म्हणजे तांबे व जस्त. युद्ध तांबे खाऊ लागले, म्हणून सरकारने पैशातलेही तांबे वाचवले. हा पैसा जुन्या पैशाच्या निम्म्याहून हलका होता. भंडारा तर पितळी भांड्यांचे गाव. आपल्या कासाराची भट्टी आणि तोफगोळ्यांचा कारखाना, दोघांनाही एकच धातू हवा होता!

पण आपल्या जिल्ह्याचा महायुद्धाशी संबंध त्याहून जुना आहे. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगेनीजच्या खाणी तुम्हांला ठाऊकच आहेत. मँगेनीजवाचून चांगले पोलाद होत नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तुर्कस्तान त्यात उतरले आणि काळ्या समुद्राची वाट बंद झाली. रशियाचे मँगेनीज आतच अडकले. मग मध्यप्रांतातल्या काळ्या दगडाला एकाएकी मोल चढले. १९१५ पासून ब्रिटिश शिपायांच्या डोक्यावर आलेले टोप मँगेनीजच्याच पोलादाचे होते. ज्या बायाबापड्यांनी टोपल्या वाहून हा दगड वर काढला, त्यांना तो कुठे जातो हे कोणी सांगितले असेल का?

त्या युद्धात चांदी आटली आणि १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट आली. पाठोपाठ १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. फौजांच्या जहाजांबरोबर ती मुंबई बंदरात उतरली आणि आगगाडीने खेड्यापाड्यांत पोचली. रणांगणावर हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार शिपाई पडले. साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा तर सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक. लढाई समुद्रापार होती, पण मरण आपल्या ओसरीवर आले होते.

दुसऱ्या युद्धात वेळ आली आपल्या धानावर. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, घासलेटही तुटले. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. आपला जिल्हा तांदळाचा, तेव्हा भाव वाढला तर आपले भलेच झाले असेल, असे वाटते, नाही का? पण ज्याच्या कोठारात धान होते त्याचे भले झाले. ज्याची बांधी नव्हती, जो रोवणीच्या मजुरीवर जगत होता, त्याला तोच तांदूळ महाग झाला. सरकारने युद्धाच्या खर्चासाठी नोटा छापल्या. १९३९ ते १९४५ या काळात चलनातल्या नोटा सहापटीच्या आसपास गेल्या. मजुरी त्या वेगाने कशी वाढणार? कापड मिळेना, तेल मिळेना. त्यातच ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक आली आणि तुमसरला गोळ्या झाडल्या गेल्या. ज्याच्यासाठी आपला दगड, धान आणि माणसे गेली, त्याच राज्याच्या या गोळ्या होत्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, पाठ्यपुस्तकात युद्धाच्या तारखा असतात, सेनापतींची नावे असतात. टोपली वाहणारीचे नाव त्यात नसते, रोवणी करणाऱ्याचेही नसते. ते दिवस पाहिलेली माणसे आता फारच थोडी उरली आहेत. तेव्हा उद्या वर्गात मुलांना सांगा : घरी भोकाचा पैसा शोधा आणि आजीला विचारा, तिच्या आईने त्या काळी चूल कशी पेटवली. जे उत्तर येईल ते वहीत उतरवून घ्या. आपल्या जिल्ह्याच्या महायुद्धाचा इतिहास तिथूनच लिहायला हवा.